नवऱ्याला कॅसिनोत न्यायचं की नणंदेला?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला राजेंद्र नगरमध्ये राहते, वय ४३. तीन वर्षं झाली मिस्ट्री शॉपिंगची कामं करतेय, म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून जायचं, सर्व्हिस कशी देतात ते गुपचूप बघायचं आणि घरी येऊन रिपोर्ट भरायचा. आत्तापर्यंत पेट्रोल पंप, कपड्यांच्या शोरूम, पिझ्झा एवढंच केलंय. आता पहिल्यांदाच मोठं काम येतंय, पणजीला एक रात्र हॉटेल आणि त्याच रात्री मांडवीतल्या बोटीवरचा कॅसिनो. कामाच्या सूचनांच्या शीटमध्ये लिहिलंय की सोबत एक जण चालेल, २१ वर्षं पूर्ण झालेला हवा. झालं, घरात संमेलनच भरलं! हे म्हणतात मीच येतो (दिवाळीत तीन पत्ती मांडली की ह्यांना पहाट होते), सासूबाईंचं म्हणणं नणंदेला ने, ती बँकेतून रिटायर झालीये, कॅशला होती, कुठे फिरलीच नाही बिचारी. म्हापशाची मावसबहीण म्हणते तू फक्त ये, मी आहेच. आणि लेक १९ची, ती म्हणते मला कॅसिनोत नको पण हॉटेलात तरी ने. मला वाटतं एकटीनंच जावं पण एकटी बाई कॅसिनोत बसलेली विचित्र नाही का दिसणार? आणि ज्याला नेईन त्याला कामाचं सांगायचं की नुसतं फिरायला चाललोय म्हणायचं?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकी सगळं त्यावरच अडलंय. सांगायचं, आणि अर्धवट नाही, पूर्ण सांगायचं. मी एकदा नाही सांगितलं आणि काय झालं ते ऐक.

हॉटेलचं माझं पहिलंच रात्रीचं काम होतं, आमच्या ह्यांना नुसतं "चला हो, दोन दिवस फिरून येऊ" म्हणून नेलं. रिपोर्टमध्ये वेक-अप कॉलचा अख्खा सेक्शन होता, फोन नेमका किती वाजता आला, काय बोलले, नाव घेऊन बोलले का, दुसऱ्यांदा विचारलं का. म्हणून रात्री रिसेप्शनला फोन करून सहाचा कॉल सांगून ठेवला. हे जन्मभर पावणेसहाला उठणारे, उठले, फिरायला निघाले, आणि जाता जाता खालच्या पोराला सांगून गेले की मॅडम उशिरा झोपल्यात, तो सहाचा फोन काही करू नका. मला जाग आली तेव्हा सात पस्तीस झालेले. खाली जाऊन बघते तर हे लॉनवर चहा घेत बसलेले, माझ्याही कपावर बशी झाकून ठेवलेली, आणि चेहऱ्यावर असं कौतुक की बघ, बायकोला कसं झोपू दिलं. आता यावर काय बोलणार! सेक्शन कोरा गेला, फी अर्धी कापली, आणि खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हतीच, त्यांना काही माहीतच नव्हतं.

तेव्हापासून मी सोबत येणाऱ्याला घरीच शीट वाचून दाखवते. फक्त त्याआधी काम देणाऱ्या कंपनीला विचारायचं की सोबतीचं नाव कळवायचं का आणि त्याला किती सांगितलेलं चालेल, आणि हे फोनवर नाही, मेलवर. काही ठिकाणी सोबतीलाही गुप्ततेच्या कागदावर सही करावी लागते. आणि ज्याचं नाव दिलंय त्यालाच सांगायचं, सासूबाईंना नाही, लेकीला नाही, संमेलन बरखास्त. (तू घरात गोवा, कॅसिनो, सगळं बोलून बसली आहेस, ते आता जाऊ दे, पण कुठली बोट ते तरी पोटात ठेव.)

आता उमेदवार. म्हापशाची मावसबहीण पहिल्या फटक्यात बाद, आणि तिचा स्वभाव वगैरे प्रश्नच नाही. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जायला फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे, दारावर आयडी बघतात, तिच्या आधारवर म्हापसा लिहिलेलं असणार, म्हणजे तू आत आणि ती जेट्टीवर. गंमत बघ, ज्यांच्या नदीत बोटी उभ्या आहेत त्यांनाच आत जाता येत नाही. गोव्यानं १९७६च्या आपल्या जुगाराच्या कायद्यात १९९२ला बदल करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन चालू दिली, १९९६ला बोटींवर जुगाराच्या टेबलांनाही परवानगी दिली, त्यामुळे हा सगळा धंदा पाहुण्यांच्या जिवावर. आपल्या मध्य प्रदेशात अजून १८६७चाच कायदा चालतो, म्हणूनच तुला एवढ्या लांब जावं लागतंय.

लेकही नाही. २१चा नियम तर आहेच, पण हॉटेलात जरी नेलीस तरी रिसेप्शनला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, तिसऱ्या माणसाचा एक्स्ट्रा बेड बिलात येतो, आणि बिलाची कॉपी रिपोर्टला जोडायची असते, मग शीटवर एक सोबती आणि बिलावर दोन. त्यात ती रात्रभर खोलीत एकटी आणि तू बोटीवर, परत यायचं म्हटलं तरी किनाऱ्यावर सोडणाऱ्या छोट्या बोटीची वाट बघायची. तुझं लक्ष लागणार नाही, लिहून देते.

राहिले दोघं. यात कोण जवळचं हे बघू नकोस, त्या रात्री काम काय असतं ते बघ. जुगाराच्या टेबलावर फोन काढू देत नाहीत, फोटोचं तर नावच नको, भिंतीवर घड्याळ बहुधा नसतंच. आणि रिपोर्ट मागतो काय, तर दारात किती मिनिटं थांबलात, काउंटरवर नोटा दिल्यावर त्यांनी त्या टेबलावर पसरून मोजल्या का, डीलरच्या, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणाऱ्याच्या, बिल्ल्यावर नाव काय होतं, डीलर बदलला तेव्हा पहिल्यानं उठताना हात दाखवले का. हे हात दाखवणं म्हणजे टेबल सोडताना डीलर दोन्ही तळवे समोर धरून उलटसुलट करतो, वरच्या कॅमेऱ्याला दिसावं की हातात चिप, म्हणजे पैशाऐवजी खेळायची चकती, लपवलेली नाही. जेमतेम एक सेकंदाचं काम. तू तेव्हा स्वतःचे पत्ते बघत असलीस की गेलं ते. इथे सोबत उपयोगी पडते, एकीनं खेळायचं आणि दुसरीनं हात बघायचे. मग पाऊण तासानं एकीनं वॉशरूमला जाऊन फोनमध्ये वेळा टाकून यायच्या, दोघींनी एकदम नाही, आणि दर दहा मिनिटांनी तर मुळीच नाही, नाहीतर सिक्युरिटीवालाच तुमचा रिपोर्ट लिहील.

म्हणून माझं मत नणंद. जी बाई नोकरीभर कॅशला बसून नोटा मोजत आली, काचेपलीकडच्या माणसाच्या हाताकडे बघत आली, तिला चिपा मोजताना चूक झाली तर तुझ्या आधी कळेल. आणि दोन बायका एकत्र असल्या की एकटीचा प्रश्न आपोआपच मिटला. तशी एकटी बाईही बसते तिथे, कुणी बघत नाही, पण पहिल्याच वेळी आणि तेही बोटीवर, नको.

तुझ्या ह्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण कंसात तूच लिहिलंस ना पहाटेचं! खेळ म्हणून ठीक आहे, पण तुला टेबलावरून ठरल्या वेळी उठायचंय, मग बार बघायचाय, मग बुफे, आणि शेजारचा माणूस "थांब गं, एवढे वसूल करून उठतो" म्हणून बसला की तुझं वेळापत्रक बोंबललं. वसूल होत नसतं ते. एका शून्याच्या रूलेटमध्ये, म्हणजे त्या फिरत्या चाकात, ३७ खाने असतात आणि एका आकड्यावर लागलं तर लावलेले परत आणि वर मिळतात ३५ पट, हिशेब तिथेच संपला, शंभर लावले की सरासरी २ रुपये ७० पैसे घरच्याच खिशात, घर म्हणजे कॅसिनोचं. वर आता चिपांसाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी, आधी १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय. कंपनी तुला जेवढं खेळायला देईल तेवढंच तुझं, सोबतीनं स्वतःच्या हौसेनं घेतलेल्या चिपा कुणी भरून देत नाही. तिची बिअरही नाही, म्हणून ऑर्डर देतानाच म्हणायचं, भैया बिल अलग. एकाच बिलात तिचं-तुझं मिसळलं की मग कंपनीशी मेलामेली करत बस.

नणंदेची परीक्षा मात्र घे. रात्री दहानंतर सराफ्यात ने, सराफांची दुकानं बंद होऊन गाड्या लागल्या की. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवतात तिथे उभ्या राहा, खा, गप्पा मारा, मुद्दाम काही सांगू नकोस. घरी येताना रिक्षात विचार, चिमटीतून मसाले कोणते कोणते पडले, पैसे कोणी घेतले, त्याचा शर्ट कोणता, आपण किती वाजता पोचलो. चारातली तीन सांगितली तर तिकीट काढ. आणि तिनं तिथेच मोठ्यानं "वहिनी, लक्षात ठेवायचं का हे?" असं विचारलं तर तिला पचमढीला घेऊन जा, कॅसिनोला नको.

बरं, एक राहिलंच, स्टेटस. गोव्याला जाऊन स्टेटस ठेवायचं नाही म्हणजे आपल्या लोकांना उपास केल्यासारखं होतं, पण फोटो बोटीवरून टाकायचे नाहीत, घरी आल्यावरही बोटीचं नाव दिसेल असे नाहीत. पुलावरचा टाक, कलंगुटचा टाक, मासे खाताना टाक. आणि विमानाचं कोण देणार ते आधीच विचारून घे, सोबतीचं तिकीट बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातं, ते फीतून वजा केलं की हातात काय उरतं ते एकदा कागदावर मांड. मी मांडलं होतं तेव्हा हसू आलं होतं, तरी गेले.

प्रश्न : मॅडम, मला एका कंपनीचा मेसेज आला की पाच हॉटेलांची ओव्हरनाइट कामं देतो, कपलला प्राधान्य, पण दोघांचे मिळून १५०० रुपये रजिस्ट्रेशन भरा. भरू का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. नंबर ब्लॉक कर, आणि आधार-पॅनचे फोटो पाठवले असशील तर बँकेच्या मेसेजांवर लक्ष ठेव.

प्रश्न : ताई, मी बडोद्याचा, अशाच कॅसिनोच्या कामाला मित्राला सोबत नेलं होतं. खेळायला मिळालेल्या पैशातले २००० त्याला दिले कारण मला रिपोर्टसाठी फिरायचं होतं. त्याचे ११००० झाले! आता तो म्हणतो जिंकले मी तर पैसे माझे, आणि कंपनी म्हणते कॅश-आउटची, म्हणजे चिपा देऊन पैसे घेतल्याची, स्लिप तुमच्या नावावर नाही, खुलासा द्या. काय करू? आणि त्यानं येताना फेणीच्या दोन बाटल्या माझ्याच बॅगेत घातल्या होत्या, त्या घरी आहेत.

उत्तर : अरे, इथे कंपनीचं बरोबर आहे. ते पैसे मौजेसाठी दिलेले नव्हते, कामाचं साहित्य होतं, पेट्रोल पंपाच्या कामात पेट्रोलचे पैसे मिळतात तसं. ते तू दुसऱ्याच्या हातात दिलेस तिथेच गडबड झाली, तो हरला असता तरी खुलासा तुलाच द्यावा लागला असता. आता शीट काढ आणि जिंकलेल्या पैशाबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाच, काही कंपन्या ठेवू देतात, काही परत मागतात, जे लिहिलंय तेच खरं, मित्र काय म्हणतो ते नाही. खुलासा सरळ लिही, अमुक वाजता अमुक रक्कम सोबत आलेल्याला दिली, कारण मी बार बघायला गेलो. गोष्टी रचू नकोस, वर कॅमेरे आहेत, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पैसे मित्राकडेच राहिले तर टॅक्सही त्याचा, अशा जिंकलेल्या पैशावर सरसकट ३० टक्के आणि वर सेस, हरलेलं त्यातून वजा होत नाही. हे त्याला आजच सांग, अर्धा उत्साह तिथेच उतरेल. पुढच्या वेळी सोबतीनं खेळायचं तर स्वतःच्या पाकिटातून, आणि शक्यतो दुसऱ्या टेबलावर.

फेणीचं मात्र अवघड आहे बाबा. गुजरात १९६० साली झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, विनापरवाना बाटली घरात असणं हाच गुन्हा, मग ती कुणीही बॅगेत घातलेली असो. मित्राला फोन कर, पण व्हॉट्सअपवर लिहू नकोस.