गांडूळ खत तयार झालं, आता गांडुळं वेगळी कशी करायची?

गच्चीवरच्या ड्रममधलं खत चहापत्तीसारखं काळं, मोकळं झालंय, आता गांडुळं एकेक करून वेचायची का, असं तुम्ही विचारलंय. वेचू नका. गांडुळं स्वतःहून बाजूला होतात, आपण तशी सोय करून द्यायची.

कुठलीही पद्धत घ्या, खत काढायच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद करा. ओलं खत हाताला आणि चाळणीला चिकटतं.

एका दिवसात काम उरकायचं असेल तर ताडपत्रीवर खत ओतून त्याचे लहान, वर निमुळते ढीग लावा. गांडुळांना डोळे नसतात, पण कातडीला उजेड कळतो, त्यामुळे ती आत घुसतात. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर अलगद काढा, थांबा, परत काढा. शेवटी बुडाशी गांडुळांचा गुंता उरतो, तो नव्या बिछान्यात सोडा. हे सकाळी सावलीत करा. नागपूरचं ऊन थेट लागलं तर ती पाहता पाहता मरतात.

मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त पटते, कारण त्यात एकाही गांडुळाला धक्का लागत नाही. सगळं खत ड्रमच्या एका बाजूला सारा. मोकळ्या जागेत ओला पाचोळा, जुनं शेण आणि टरबुजाची सालं टाका. जुन्या बाजूला खाणंही नाही, पाणीही नाही. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गांडुळं इकडे सरकतात. हंगामात घरात संत्र्याच्या सालींचा ढीग असतो, पण त्या इथे नकोत. सालीतलं तेल त्यांना सोसत नाही.

खत हातात घेऊन नीट पाहा. मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर-तांबूस दाणे दिसतील. ते गांडुळांचे कोष. एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात, आणि बारीक चाळणीतूनही कोष खतासोबत खाली पडतात. म्हणून चाळलेलं खत लगेच वाळवू नका. टबात किंचित ओलसर ठेवून वर पपईची साल ठेवा. महिनाभरात पिल्लं सालीखाली जमतात, ती उचलून ड्रममध्ये टाका. मग खत बारदान्यात भरून सावलीत ठेवा, कडक वाळवू नका, त्यातले उपयोगी जीवाणू मरतात.

आपल्याकडे खत फेब्रुवारीतच काढून घेतलेलं बरं. 35 अंशांच्या वर गांडुळं तगत नाहीत, आणि मे महिन्यात आपला पारा 45 ला टेकतो. तेव्हा ड्रम गच्चीवरून खाली सावलीत आणा, वर ओला बारदाना टाका आणि पाऊस पडेपर्यंत आतलं काही उकरू नका.