क्राकूफच्या जुन्या शहरात शाकाहारी आई-बाबांना घेऊन कुठे जेवायचं?

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये शुक्रवार ते रविवार पोलंडमधल्या क्राकूफला जातोय. सोबत आई-बाबा आहेत. बाबा अंडं खातात, आई तेही नाही. आम्ही दोघं सगळं खातो. मुक्काम जुन्या शहरातच आहे. खिसा न कापता चौघांचं नीट जेवण कुठे होईल?

उत्तर:

कुठे जेवायचं ते नंतर बघू, आधी कधी जेवायचं ते ठरवा. पोलंडमध्ये दिवसाचं मुख्य जेवण दुपारी एक ते चारच्या सुमाराला होतं. त्या वेळी स्वयंपाकघर भरात असतं, पदार्थ ताजे असतात आणि कामाच्या दिवशी बऱ्याच हॉटेलांत ‘झेस्ताफ द्न्या’, म्हणजे सूप आणि एक मुख्य पदार्थ असं दिवसाचं ठरलेलं जेवण, निम्म्या-पाऊण किमतीत मिळतं. तुमच्या तीन दिवसांत कामाचा दिवस शुक्रवार एवढाच, तेव्हा टेबलावर बसून करायचं चांगलं जेवण शुक्रवारी दुपारी उरका. आपल्या सवयीने रात्री नऊनंतर बाहेर पडलात तर अनेक ठिकाणी शेगड्या बंद झालेल्या असतील आणि मग चौकातलं महागडं टेबल किंवा कबाब एवढेच पर्याय उरतील.

जुन्या शहराची मांडणी 1257 सालची आहे. मधोमध रीनेक ग्वूव्नी हा साधारण 200 मीटर बाजूचा चौक, त्यातून सरळ निघणाऱ्या गल्ल्या, आणि जिथे तटबंदी होती तिथे आता प्लांती ही बागेची गोल पट्टी. चौकाच्या कडेला मुख्य पदार्थाला साधारण 60 ते 100 झ्वोती पडतात, दोन गल्ल्या आत 40 ते 70, प्लांती ओलांडलीत की आणखी कमी. एक झ्वोती साधारण 22 ते 25 रुपयांचा धरा. दाराशी उभं राहून मेनूकार्ड हातात कोंबणारा माणूस असेल तर तिथून पुढे चला; गल्लीतल्या चालत्या हॉटेलाला असा माणूस ठेवायची गरज पडत नाही.

म्हणून चौक टाळायचा असं मात्र नाही. तिथे कॉफी प्या. सुकिएन्नित्से या जुन्या कापडबाजाराच्या इमारतीत 1910 पासून असलेलं नोवोरोल्स्की कॅफे आहे. त्याच्या बाहेरच्या टेबलांवरून मारियात्स्की चर्च समोर दिसतं आणि दर तासाला मनोऱ्यावरून वाजणारी तुतारी ऐकू येते. फ्लोरियान्स्का गल्लीतलं यामा मिखालिका 1895 चं. आतली सजावट बघायला तरी जा. अशा ठिकाणी सफरचंदाचा शार्लोत्का केक मागवावा. पैसे जागेचे आहेत हे धरून चला. चौकातलंच व्येझीनेक हे नाव 1364 च्या राजेलोकांच्या मेजवानीशी जोडलेलं आहे. थाटमाट बघायचा असेल तर जरूर जा, पण आईंच्या ताटात काय येईल ते आधी विचारून घ्या.

रोजच्या पोटासाठी खरी जागा म्हणजे ‘बार म्लेच्नी’, दूधबार. नावात बार असला तरी ही स्वस्त खानावळ आहे. पीठ, दूध, अंडी आणि भाज्यांच्या बिनमांसाच्या पदार्थांना सरकारी अनुदान मिळतं, त्यामुळे फळ्यावरचे निम्मे पदार्थ तरी मांसाशिवायचे असतात. चौकातून वावेल किल्ल्याकडे जाणाऱ्या ग्रोद्झ्का रस्त्यावर ‘पोद तेमिदों’ नावाचा आहे, तो मुक्कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आत गेल्यावर टेबलावर बसून वाट बघू नका, कोणी येणार नाही. भिंतीवरचा फलक वाचा, गल्ल्यावर सांगा, पैसे भरा, पावती खिडकीत द्या. आपल्या पदार्थाचं नाव किंवा नंबर पुकारला की स्वतः उचला आणि जेवून झाल्यावर भांडी परत द्यायच्या खिडकीत ठेवा. बटाटे, सॅलड, मुख्य पदार्थ यांची किंमत वेगवेगळी लिहिलेली असते. एकाचं पोटभर जेवण साधारण 25 ते 40 झ्वोतीत होतं. संपलेले पदार्थ फलकावरून खोडत जातात, त्यामुळे एकच्या सुमाराला जा. चारनंतर निवड फार उरत नाही आणि संध्याकाळी लवकर बंद होतं. गर्दीत तुमच्या टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसेल, ते तिथलं रोजचंच आहे.

आता आईंचा प्रश्न. इथे घोळ पदार्थाच्या नावात नसतो, तो वरून घातलेल्या गोष्टींत आणि सुपाच्या पाण्यात असतो. पिएरोगी रुस्किए (2022 नंतर काही ठिकाणी त्याला ‘युक्रेनी’ म्हणतात) म्हणजे बटाटा, त्फारुक हे पनीरसारखं चीज आणि कांदा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. कागदावर पूर्ण शाकाहारी. पण ताट येतं तेव्हा वर सोनेरी, चमकदार, बारीक तुकडे पसरलेले असतात. तळलेला कांदा वाटतो आणि त्यात कांदा असतोही, पण कडक, किंचित पारदर्शक तुकडे दिसले तर ते स्क्फार्की, म्हणजे डुकराच्या चरबीचे तळलेले खडे. मागवतानाच ‘बेझ स्क्फार्कूफ, झ मास्वेम’ म्हणा: चरबी नको, लोणी घाला. शिवाय उकडलेलेच मागा. परतलेले पिएरोगी कधी लोण्यात, कधी चरबीत केलेले असतात.

दुसरा फसवा पदार्थ फुकट येतो. पारंपरिक हॉटेलांत बसल्या बसल्या पावाची टोपली, लोणच्याची काकडी आणि मातीच्या वाटीत पांढराशुभ्र गोळा ठेवतात. दिसायला अगदी घरचं लोणी. ते स्मालेत्स, डुकराची चरबी, आणि बहुतेक वेळा त्यात मांसाचे कणही असतात. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, कारण ही वाटी न मागता येते आणि भुकेला माणूस पहिला हात पावालाच घालतो.

सुपांत झुरेक (आंबवलेल्या राय या धान्याच्या पिठाचं) सॉसेज घालूनच येतं, तुम्हा दोघांसाठी उत्तम. लाल बिटाचं बार्श्च आणि टोमॅटोचं सूप शाकाहारी दिसतात, पण दोन्ही बऱ्याचदा मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेली असतात. तुम्ही ‘बेझ म्येंसा?’ विचारलंत तर ‘हो, मांस नाही’ असं उत्तर मिळेल आणि ते त्यांच्या हिशेबाने खरंच असेल, कारण तुकडे नाहीत. म्हणून ‘विवार म्येन्स्नी?’, म्हणजे मांसाचं पाणी आहे का, असं स्वतंत्र विचारा.

अंड्यासाठी एक सोपी खूण आहे. युरोपात 14 ॲलर्जी-घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे आणि बरीच हॉटेलं पदार्थाच्या नावापुढे आकडे छापतात. नेहमीच्या क्रमात 3 म्हणजे अंडं, 4 मासे, 7 दूध. तरी मेनूच्या तळाशी असलेली यादी एकदा ताडून घ्या. मांस आणि चरबी या यादीत येतच नाहीत, तेव्हा आकडा नाही म्हणजे शाकाहारी असा अर्थ काढू नका. नालेश्निकी (गोड चीज भरलेले पातळ धिरडे), प्लात्स्की (किसलेल्या बटाट्याची तळलेली धिरडी), कोपित्का (बटाट्याच्या पिठाचे उकडलेले छोटे तुकडे) या तिन्हींत सहसा अंडं असतं, म्हणजे बाबांना चालतील, आईंना नाही. पिएरोगीच्या पिठात काही जण अंडं घालतात, काही नाही, आकडा बघा. प्लात्स्की त्याच तव्यावर होतात जिथे कटलेट तळतात, बाबांना ते चालत नसेल तर उकडलेल्या पदार्थांवर रहा. आईंसाठी एका वेळचं जेवण निर्धास्त हवं असेल तर सरळ व्हीगन हॉटेल शोधा. क्राकूफमध्ये अशी बरीच आहेत, पण ती उघडतात आणि बंद होतात, म्हणून नाव आदल्या दिवशी नकाशावर ताजे अभिप्राय बघून ठरवा.

रस्त्यावरच्या खाण्यात ओब्वाझानेक घ्याच. आधी पाण्यात उकळून मग भाजलेला, पिळाचा गोल पाव. वर मीठ, खसखस किंवा तीळ. 2010 पासून त्याला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. गाड्यांवर साधारण 3 ते 5 झ्वोतीला मिळतो. सकाळीच घ्या, कारण काही तासांत तो चिवट होतो आणि संध्याकाळचा म्हणजे दातांची परीक्षा. धुरावलेलं ओस्त्सिपेक चीज भाजून, आंबटगोड क्रॅनबेरीसोबत विकतात. खरं ओस्त्सिपेक मुख्यतः मेंढीच्या दुधाचं, चातीच्या आकाराचं, मे ते सप्टेंबर या काळात बनतं; ऑक्टोबरात मिळू शकेल. चौकातले छोटे स्वस्त तुकडे बहुतेक गाईच्या दुधाचे असतात. चवीला वाईट नाहीत, पण त्या नावाचे पैसे देऊ नका. पारंपरिक चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध फाडण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ, असतो, हे आईंना आधी सांगा. शनिवारी सकाळी बार्बिकन या जुन्या तटाबाहेरच्या गोल बुरुजाच्या उत्तरेला पाच मिनिटांवर स्तारी क्लेपाझ बाजारात जा: पाव, चीज, लोणची, फळं. रविवारची शिदोरीही तिथेच भरा, कारण बहुतेक रविवारी पोलंडमध्ये मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. हॉटेलं मात्र चालू असतात.

रविवारी काझीमिएझ, जुना ज्यू मोहल्ला. चौकातून चालत 15-20 मिनिटं. प्लात्स नोवीच्या मध्यावरच्या गोल इमारतीच्या खिडक्यांतून झापिएकान्का विकतात: अर्धा लांब पाव, वर परतलेले मश्रूम आणि चीज, भट्टीत भाजलेला. साधा प्रकार आईंना चालेल, पण वरून लसणाचा सॉस नको म्हणा, त्यात बहुधा मेयोनेज म्हणजे अंडं असतं, केचप घ्या. दोघांत एक पुरतो. श्येरोका रस्त्यावरच्या ज्यू हॉटेलांबद्दल एवढंच, की ‘ज्यू पद्धतीचं’ म्हणजे कोशर (ज्यू धर्माच्या आहारनियमांनुसार केलेलं) असेलच असं नाही.

तळघरातली हॉटेलं वातावरणासाठी छान. शतकानुशतकं रस्त्यांची पातळी वर येत गेली, त्यामुळे आजची बरीच तळघरं ही मध्ययुगातली तळमजल्याची दालनं आहेत. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या असतात, बाबांचे गुडघे दुखत असतील तर वरच्या दालनात टेबल मागा. खाली मोबाइलला रेंज नसते, कॅमेऱ्याने मेनूचं भाषांतर करायचं असेल तर भाषा आधीच उतरवून ठेवा. शुक्रवार-शनिवार रात्रीसाठी टेबल राखून ठेवा.

बिलाची गंमत तीन ठिकाणी होते. मासे, गोलोन्का (डुकराचा गुडघा) आणि जत्रेतल्या स्टॉलवरचं मांस यांची किंमत 100 ग्रॅमची लिहिलेली असते. फलकावर 12 झ्वोती वाचून मागवलंत आणि ताटात 600 ग्रॅम आलं की 72 झाले. वाढण्याआधी वजन आणि एकूण रक्कम विचारा. दुसरं, पाणी मागितलं की बाटली येते आणि पैसे लागतात. ‘वोदा स्क्रानू’ म्हणजे नळाचं पाणी मागून बघा, ते पिण्याजोगं आहे. तिसरं, कार्डाच्या मशीनवर ‘रुपयांत की झ्वोतीत’ असा पर्याय आला तर झ्वोतीच निवडा, नाहीतर वाईट दर लागतो. टिप साधारण दहा टक्के, बिलात सेवाशुल्क नसेल तरच. रोख देताना नोटेसोबत ‘जेंकुये’ म्हणालात तर ‘सुटे ठेवून घ्या’ असा अर्थ होतो. सुटे परत हवे असतील तर ‘प्रोशे’ म्हणा आणि धन्यवाद पैसे हातात आल्यावर द्या.