चरबीच्या पेशी राहू द्या, आधी मेडिक्लेम वाचवा

कोथरूडचे एक निवृत्त काका (वय ६६) लिहितात: 'पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची गादी झिजली आहे. एका क्लिनिकमध्ये पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी गुडघ्यात सोडतात, गादी पुन्हा तयार होते म्हणतात. खर्च साडेतीन लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले पैसे काढू का? मेडिक्लेम ८ वर्षांत एकदाही लागला नाही, म्हणून यंदा भरला नाही. मुदत संपून ३ आठवडे झाले. त्याऐवजी बँकेने सुचवलेली १० वर्षांची विमा योजना घेतली, वर्षाला १ लाख. कागद गेल्या आठवड्यात आले.'

काका, पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला फोन केला तो गुडघ्यासाठी नाही, मेडिक्लेमसाठी. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते, त्यातले तुमचे ८-९ दिवस उरलेत. या मधल्या दिवसांत आजारपण आलं तर दावा मिळत नाही, तेव्हा आजच भरा. ८ वर्षांत तुमचे प्रतीक्षाकाळ (काही आजारांवर दावा करण्याआधी थांबावं लागतं तो काळ) संपलेत. उद्या काकूंचा सांधा बदलावा लागला, तर हीच पॉलिसी उपयोगी पडेल. नवी घ्यायला गेलात तर झिजलेले गुडघे 'आधीचा आजार' ठरून ३ वर्षांपर्यंत थांबावं लागेल, नाहीतर सरळ नकार. चाळीसेक हजारांच्या हप्त्यासाठी हे घालवू नका.

आणि ती बँकेची विमा 'योजना' परत करा. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या गळ्यात १० लाखांचे हप्ते मारले, याचा मला मनापासून राग येतो. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज दिला की किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. बँकेतली मंडळी समजूत घालतील. ऐकू नका, पोच घ्या.

आता पेशी. काही रुग्णांच्या वेदना कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण गादी पुन्हा भरून येते हे सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे उपचार फक्त नोंदणीकृत संशोधन चाचणीतच करायचे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. मग साडेतीन लाख कशाचे? मेडिक्लेमही अशा असिद्ध उपचाराला पैसे देत नाही.

बचत योजना दोन वर्षांनंतर मोडण्याचा दंड १ टक्का, म्हणजे साडेतीन लाखांवर साडेतीन हजार. तो फार नाही, पण ८.२ टक्क्यांनी तिमाहीला येणारे ७ हजार कायमचे बंद होतील. ती रक्कम हलवू नका. त्याच ७ हजारांतून काकूंना चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे नेता येईल, आणि क्लिनिकशी संबंध नसलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाचं दुसरं मतही घेता येईल.