इंग्रजी व्याकरण येते, तरी इंग्रजीत लिहिलेली ईमेल समोरच्याला नीट का समजत नाही?

आपण विचारले आहे की, शिक्षण मराठी माध्यमातून झाले, व्याकरण बऱ्यापैकी येते, वाचलेले समजते, परंतु कामासाठी इंग्रजीत ईमेल किंवा अहवाल लिहायला बसले की अर्धा तास जातो आणि एवढे करूनही समोरून “नेमके काय हवे आहे?” असेच उत्तर येते, तेव्हा प्रभावी संवादाची आणि इंग्रजी लेखनाची मूलतत्त्वे कोणती? मी गेली बरीच वर्षे इतरांचे इंग्रजी मसुदे तपासण्याचे काम करते आणि माझेही शिक्षण मराठीतूनच झाले आहे. माझ्या मते आपली अडचण शब्दसंग्रहाची नाही, ती क्रमाची आहे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. “आपण पाठवलेल्या अहवालातील तिसऱ्या तक्त्यातले आकडे मला…” इथपर्यंत ऐकूनही आकडे पटले की पटले नाहीत हे कळत नाही, आणि मराठी ऐकणारा त्यासाठी सहज थांबतो. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येते, त्यामुळे कोणी काय केले हे वाचकाला आरंभीच कळते. वाक्यापुरता हा बदल आपण शाळेत शिकतो. संपूर्ण पत्राचा क्रम मात्र मराठीच राहतो: आधी संदर्भ, मग पार्श्वभूमी, मग कारणे, आणि खरी विनंती अगदी शेवटच्या ओळीत, तीही संकोचाने.

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या मसुद्यांसारखा एक नमुना घेते. “विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट वुई हॅव रिसीव्ह्ड द रिपोर्ट ऑन मंडे अँड आफ्टर गोइंग थ्रू द सेम, सम डिस्क्रिपन्सीज वेअर फाउंड इन टेबल थ्री, हेन्स यू आर काइंडली रिक्वेस्टेड टू डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.” यात व्याकरणाची ठळक चूक एकच आहे: ‘मंडे’सारखी ठरावीक गतकाळाची वेळ सांगितल्यावर ‘हॅव रिसीव्ह्ड’ चालत नाही, तेथे साधे ‘रिसीव्ह्ड’ हवे. पण ती चूक सुधारली तरी पत्र सुधारत नाही. विसंगती कोणती, ती कोणाला आढळली, ‘नीडफुल’ म्हणजे नेमके काय करायचे आणि कधीपर्यंत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. तोच मजकूर असा लिहिता येतो: “कुड यू प्लीज सेंड अ करेक्टेड टेबल थ्री बाय थर्सडे? द टोटल फॉर मार्च इज गिव्हन ॲज 480, बट द रोज ॲड अप टू 430.” विषयाच्या ओळीत ‘टेबल थ्री: करेक्शन नीडेड बाय थर्सडे’ असे घातले की पत्र उघडण्यापूर्वीच अर्धे काम होते. यातला एकही शब्द आपल्याला परका नाही, हे लक्षात घ्यावे.

संवादात गोष्ट सांगितली जाणे आणि ती समोरच्याला कळणे यांत किती अंतर असू शकते, याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण विमानवाहतुकीतले आहे. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेले एव्हियांका कंपनीचे 52 क्रमांकाचे विमान खराब हवामानामुळे एकूण सव्वा तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत राहिले. त्याचे इंधन संपत आले होते. सहवैमानिकाने नियंत्रकांकडे ‘प्रायॉरिटी’ मागितली, आणि उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यानंतर मुख्य वैमानिकाने आणीबाणी असल्याचे कळवायला सांगितले, तेव्हाही पुढची दिशा मान्य केल्याच्या वाक्याला जोडून सहवैमानिक “वुई आर रनिंग आऊट ऑफ फ्युएल” एवढेच म्हणाला. ‘इमर्जन्सी’ हा ठरलेला शब्द त्याने उच्चारलाच नाही. त्याच्या दृष्टीने त्याने सर्व काही सांगितले होते. नियंत्रकांच्या दृष्टीने, उशीर झालेल्या अनेक विमानांप्रमाणे हेही एक होते. विमान कोसळले आणि 158 जणांपैकी 73 जण दगावले. इंधनाचे नियोजन चुकल्याबरोबरच आणीबाणीची स्थिती न कळवली गेल्याचेही कारण चौकशीत नोंदवले गेले. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. आपल्या ईमेलमुळे कोणाचा जीव जात नाही, पण महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या शेपटाला बांधून पाठवण्याची सवय तीच असते.

हा संकोच येतो कोठून, हेही पाहायला हवे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत आणि क्रियापदही त्यांच्यामागे बदलते, त्यामुळे आदर व्याकरणातच मुरलेला असतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. ही उणीव भरून काढायला आपण ‘रिस्पेक्टेड सर’, ‘काइंडली’, ‘आय हंबली रिक्वेस्ट’ यांची भर घालतो. आजच्या इंग्रजीत सौजन्य मुख्यतः वाक्याच्या घडणीत असते: ‘सेंड मी द फाइल’ ही आज्ञा होते, तर ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ ही विनंती. त्यात एक ‘प्लीज’ पुरतो. उलट ‘काइंडली’ अनेक परदेशी वाचकांना जुनाट, क्वचित दटावल्यासारखाही वाटतो.

शब्दांच्या निवडीबाबतही असेच आहे. 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभारात फ्रेंचचा आणि लॅटिनचा शिरकाव झाला आणि एकाच अर्थाचे घरगुती आणि दरबारी असे दोन दोन शब्द इंग्रजीत नांदू लागले: ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’, ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘बाय’ आणि ‘पर्चेस’. ‘सुरू करणे’ आणि ‘प्रारंभ करणे’ यांत जो फरक आपल्याला जाणवतो, साधारण तसाच. आपल्याला इंग्रजी पुस्तकातून आल्यामुळे दरबारी शब्दच आधी सुचतात. कामकाजाच्या लेखनात जाणीवपूर्वक घरगुती शब्द निवडावा. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 9 ऑगस्ट 1940 रोजी, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या सहकाऱ्यांसाठी खास टिपण काढून अहवाल आखूड करा, मुद्दे छोट्या परिच्छेदांत मांडा आणि आकडेवारी परिशिष्टात टाका, असे बजावले होते. “इट इज ऑल्सो ऑफ इम्पॉर्टन्स टू बेअर इन माइंड द फॉलोइंग कन्सिडरेशन्स” हा नमुना त्यांनीच निव्वळ भरताड म्हणून दाखवला होता. म्हणजे ज्यांची ती मातृभाषा, त्यांनाही हा रोग होता.

आता खास मराठी मुळाच्या चुका. “मी दोन वर्षांपासून येथे काम करतो” हे मराठीत साध्या वर्तमानकाळात अगदी बरोबर आहे आणि ‘पासून’ हे एकच शब्दयोगी अव्यय मुदतीलाही चालते, आरंभबिंदूलाही. म्हणून आपण “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स” लिहितो. इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ आणि आरंभबिंदूला ‘सिन्स’ लागतो, आणि काळही बदलतो: “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स”, किंवा “सिन्स 2023”. “तो मला म्हणाला” यावरून “ही सेड मी” येते. तेथे “ही टोल्ड मी” किंवा “ही सेड टू मी” हवे. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको, कारण ‘विषयी’ हा अर्थ त्या क्रियापदातच आहे.

‘अ’ आणि ‘द’ यांचा घोळ सर्वांत चिवट, कारण मराठीत असे उपपदच नाही. मी स्वतः एक कसोटी वापरते. मोजता येणाऱ्या एकवचनी नामापुढे “कोणता?” असा प्रश्न विचारावा, वाचकाला त्याचे उत्तर आधीच्या मजकुरावरून किंवा प्रसंगावरून माहीत असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. “वुई रिसीव्ह्ड अ कम्प्लेंट. द कम्प्लेंट वॉज अबाउट बिलिंग.” पहिल्या वाक्यात तक्रार नवी आहे, दुसऱ्यात ओळखीची झाली. सगळे अपवाद या कसोटीत बसत नाहीत, पण रोजच्या लेखनातील बहुतेक जागा सुटतात.

काही शब्द भारतात एक आणि बाहेर भलतेच सांगतात. शंका विचारण्याच्या सरळ हेतूने आपण “आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट” असे लिहितो, पण परदेशी वाचकाला त्यात आपल्या अहवालावरचा अविश्वास दिसतो; तेथे ‘क्वेश्चन’ लिहावे. ‘रिव्हर्ट’चा आपल्याकडचा अर्थ ‘उत्तर देणे’, तर बाहेर तो ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा घेतला जातो. भारतीय इंग्रजी अशुद्ध असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) तर मला फार सोयीचा शब्द वाटतो. पत्र कोण वाचणार आहे, एवढेच पाहावे.

सरावाचे म्हणाल तर इंग्रजीत लिहिण्यापूर्वी कागदावर एक मराठी ओळ लिहावी: “हे वाचून समोरच्याने अमुक करावे.” ती ओळ जमत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही, अजून आपलेच ठरलेले नाही. ती जमली की तिचेच इंग्रजी करून पहिले वाक्य करावे आणि बाकीचे त्याखाली, जरुरीपुरते. मग मोठ्याने वाचावे. जेथे दम लागतो तेथे वाक्य तोडावे. संगणकावरील तपासनीस उपपदे आणि स्पेलिंग बऱ्यापैकी सुधारतात, ते जरूर वापरावेत, पण ‘डू द नीडफुल’ म्हणजे तुमच्या मनात काय होते हे त्यांना ठाऊक नसते. शिवाय आपल्या चुकांची एक वही ठेवावी, कारण प्रत्येकाच्या चुका मोजक्या आणि ठरलेल्या असतात. माझ्या वहीत पहिल्याच पानावर ‘रिटर्न बॅक’ आहे, त्यातला ‘बॅक’ लाल शाईने खोडलेला आहे, आणि घाईत लिहिताना आजही तो माझ्या बोटांतून उतरतो.