कविता मोकळी, गाणं नाही

मॅडम, बालकवींची कविता शिकवताना तिचं गायलेलं रेकॉर्डिंग लावलं, तो तास यूट्यूबवर टाकला आणि कॉपीराइट क्लेम आला. 'कवी १९१८ साली गेले, मग हक्क कुणाचा?' हा तुमचा प्रश्न वाचून माझेच दिवस आठवले.

कविता मोकळीच आहे. पण चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं टिकतो, आणि ती वर्षं ते प्रकाशित झाल्यापासून मोजतात. यूट्यूबची यंत्रणा आपोआप आवाज जुळवते, आपण शिकवतोय की नाचतोय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

अशाच एका गाण्याची परवानगी मागायला मी रेकॉर्ड कंपनीला मेल केला होता. उत्तरात जाहिरात संस्थांसाठीचा फॉर्म आला: उत्पादनाचं नाव, किती शहरांत प्रसारण, बजेट किती. मी उत्पादनाच्या जागी 'इयत्ता सातवी' लिहिलं. फोन केला तर 'फॉर्म पूर्ण भरा, सर' एवढंच. बजेटच्या रकान्यात शून्य भरलं की फॉर्म पुढे सरकेना. परीक्षा झाल्या, निकाल लागले, उत्तर काही आलं नाही. शाळेसाठी एक रकाना ठेवायला यांचं काय जातं?

वर्गात मात्र तेच गाणं बिनधास्त लावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना चांगली मोकळीक आहे. स्नेहसंमेलनातही चालतं, प्रेक्षक शाळेचे लोक आणि पालक असतील तोवर. त्याचं फेसबुक लाइव्ह केलंत की ती भिंत गेली. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणाचा २०१६ चा निकाल लोक ऊठसूट तोंडावर फेकतात, पण तो कोर्सपॅकच्या, म्हणजे अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतले उतारे एकत्र केलेल्या संचांच्या, छायाप्रतींचा होता. त्याच्या जिवावर चॅनल चालवू नका. (मी वकील नाही, मराठीचा मास्तर आहे.)

माझं मत विचाराल तर कविता स्वतः म्हणा. मुलांना शिक्षकाचा आवाज जास्त लक्षात राहतो. मात्र हे केशवसुत-बालकवींपुरतं. हयात कवीची अख्खी कविता तुमच्या आवाजात यंत्रणेतून सुटेल, कायद्यातून सुटेलच असं नाही. तो तास वर्गाच्या बंद ग्रुपवरच ठेवा. जुन्या कवितांची संहिता विकिस्रोतावर बघा, फॉरवर्डमधल्या शुद्धलेखनाने माझं डोकं फिरतं.

आणि व्हिडिओ घाईने डिलीट करू नका. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवरची कारवाई) नव्हे. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये गाण्याचा तेवढा तुकडा कापता किंवा म्यूट करता येतो, बाकी तास तसाच राहतो.