आजीच्या अंत्यदर्शनासाठी फुलांची सजावट घरीच कशी करावी?

आपल्या आजींचे वय ८८ आहे, डॉक्टरांनी आता फार दिवस उरले नसल्याचे सांगितले आहे, त्यांना मोगरा अतिशय प्रिय आहे, आणि शेवटच्या दिवशी फुलांचे काम बाहेर न सोपवता नातवंडांनीच करावे अशी घरातील सर्वांची इच्छा आहे, असे आपण लिहिले आहे. कोणती फुले आणावीत, किती आणावीत आणि ती कशी मांडावीत, हा आपला प्रश्न आहे. पुण्यात गेली २२ वर्षे मी फुलांचा व्यवसाय करते आणि या काळात अनेक घरांमध्ये हे काम केले आहे. आपली इच्छा मला फार योग्य वाटते, आणि चार जणांनी मनावर घेतले तर हे काम दोन तासांत नीट होते.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकीचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. चेहरा आणि पाय मोकळे ठेवा. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी एका घरी फार मोठी सजावट केली होती. छातीपासून पावलांपर्यंत फुलांचा जाड थर होता आणि त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाहिलेल्या हारांची रास साचली होती. दूरवरून प्रवास करून आलेली लेक आईच्या पायांवर डोके ठेवायला वाकली, तेव्हा तिला पाय सापडेनात. तिने दोन्ही हातांनी हार बाजूला सारले. त्या दिवसापासून मी पावलांवर एकही हार ठेवलेला नाही. आपल्याकडे माणूस शेवटचे भेटतो ते चेहरा पाहून आणि पायांना हात लावून. फुले या दोन्हींच्या भोवती असावीत, वर नसावीत.

त्यामुळे फुले कमीच लागतात. गळ्यात घालायच्या मुख्य हारासाठी पाऊण ते एक किलो सुटी गुलछडी पुरते. गुलछडी म्हणजे निशिगंध. बाजारात मात्र याच नावाने मागावी, आणि ‘गुलछडी काडी’ नको, ओवायला सुटी हवी, असे स्पष्ट सांगावे. सुट्या फुलांत एकेरी पाकळीची गुलछडी घ्यावी, कारण दुहेरीपेक्षा तिला सुगंध अधिक असतो. कळ्या टपोऱ्या पण मिटलेल्या पाहाव्यात. पहाटे पूर्ण उमललेली फुले दुपारपर्यंत कडेने तपकिरी होतात. उशाशी आणि दोन्ही बाजूंना पसरण्यासाठी अर्धा किलो देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि थोडी पांढरी शेवंती पुरेशी होते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फुलबाजारात पहाटे गेल्यास हे सर्व मिळते; आपण मुंबईत असाल तर दादर स्थानकाजवळचा फुलबाजारही भल्या पहाटे सुरू होतो.

मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात असतो. त्या सुमारास वेळ आली नाही, तरी आजींची आवड सोडून देण्याचे कारण नाही. पावसाळ्यात जाई-जुई मिळते, थंडीत कुंद मिळतो, आणि यांपैकी काहीच न मिळाल्यास काकड्याच्या कळ्या घेता येतील. त्यांना मोगऱ्याचा गंध नसतो, मात्र गजरा तसाच देखणा होतो. आजींशी अजून बोलता येत असेल, तर मरणाचा विषय न काढता, त्यांच्या माहेरच्या अंगणात कोणती फुलझाडे होती एवढे विचारावे. त्यातून निघालेले एखादे साधे तगरीचे फूलही विकतच्या महागड्या फुलांपेक्षा त्यांच्या उशाशी अधिक शोभेल. आजी वारकरी असतील तर तुळशीची माळ आणि बुक्का यांना पहिला मान द्यावा.

गजऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण नेमक्या याच ठिकाणी घरात कुजबुज सुरू होते. सवाष्ण गेली तर तिला हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट आणि वेणी असा साज करतात. विधवा स्त्रीच्या केसांत मात्र शेवटच्या दिवशीही फूल माळायचे नाही, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आपल्या घरी काय परिस्थिती आहे हे आपण लिहिलेले नाही. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले, हे अशा वेळी घरातील मोठ्यांना शांतपणे सांगता येते. माझे मत विचाराल, तर जिने आयुष्यभर मोगऱ्यावर प्रेम केले तिच्या केसांत नातीने गजरा माळावा. मी असे गजरे करून दिले आहेत आणि ते आनंदाने दिले आहेत. हे बोलणे मात्र आधीच, एखाद्या शांत दिवशी उरकावे; त्या दिवशी वाद नको.

फुले आधी आणून ठेवता येत नाहीत आणि तशी तयारी कोणाच्या मनालाही बरी वाटत नाही. तथापि सुती दोऱ्याचे रीळ, दोन लांब सुया, कात्री, जुने सुती धोतर आणि दोन वेताच्या टोपल्या या घरात एरवीही असणाऱ्याच वस्तू आहेत. त्या एका जागी असू द्याव्यात. आणलेली फुले पाण्यात बुडवू नयेत. ओल्या धोतराच्या घडीत सैल ठेवून वरून हलका शिडकावा पुरतो. शरीर थंड पेटीत ठेवावे लागले, तर फुले आत ठेवू नयेत; पेटीच्या भोवती ठेवावीत, आणि काचेवर चेहऱ्यासमोर तर काहीच ठेवू नये. मोठ्या लिलीचा मोह झाला तर फूल उमलताच आतील परागांची टोके काढून टाकावीत, नाहीतर पांढऱ्या वस्त्रावर पिवळे-तांबडे डाग पडतात आणि ते झटकून जात नाहीत.

पुष्पचक्र हवे असल्यास तेही घरी होते. वेळूच्या ओल्या कामटीचे कडे करावे, त्याला पेंढा सुतळीने गुंडाळावा आणि शेवंतीच्या छोट्या जुड्या एकाच दिशेने बांधत जावे, म्हणजे प्रत्येक नवी जुडी आधीच्या जुडीचे देठ झाकते. हिरवाईसाठी अशोकाची पाने चालतात. आंब्याची डहाळी शुभकार्याची असल्यामुळे टाळतात. थर्माकोलचे कडे आणि ओॲसिस या नावाने मिळणारा हिरवा स्पंज घेऊ नये. तो स्पंज प्लास्टिकचा असतो, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात तसाच राहतो. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत त्याच्यावर बंदी घातली आहे.

सुट्या पाकळ्या शववाहिकेत वाऱ्याने उडतात. तिरडीवर ठेवल्यानंतर गुलछडीच्या तीन-चार सरी आडव्या टाकून त्यांची टोके बांबूला सुती दोऱ्यानेच बांधावीत. तार किंवा नायलॉन वापरू नये. दर्शनाला येणारे लोक हार आणणारच, आणि ते नाकारणे बरे दिसत नाही. म्हणून एका समजूतदार व्यक्तीला उशाशी बसवावे. नवा हार वाहिला गेला की आधीचा हलकेच उचलून टोपलीत ठेवणे, आणि हाराभोवतीचे प्लास्टिक, जरीची पट्टी, चमकी लगेच काढून घेणे, एवढेच तिचे काम. माझ्या अनुभवात हे काम जावयाने किंवा शेजाऱ्याने करणे बरे पडते. लेकींना आणि सुनांना त्या वेळी नुसते बसू द्यावे.

विद्युतदाहिनीत किंवा गॅसदाहिनीत न्यायच्या आधी हार काढून घेतात. हे ठाऊक नसलेल्या घरच्यांना ते एकदम कठोर वाटते, म्हणून नातवंडांना आधी सांगून ठेवावे आणि हार कर्मचाऱ्यांनी काढण्यापूर्वी आपणच काढावेत. ते नदीत टाकू नयेत. स्मशानभूमीत निर्माल्यासाठी जागा असते, किंवा घरी आणून कुंडीतल्या मातीत मिसळता येतात. केसांतला गजरा मात्र सुती दोऱ्याचा असेल तर तो काढण्याचे कारण नसते. तो सर्वांत शेवटी, घरातून निघण्यापूर्वी ताजा माळावा आणि तसाच राहू द्यावा.