चोवीस तासांची बाई ठेवण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७६ वर्षांच्या, पहाटे ३ वाजता बाथरूमला जाताना पडल्या, मनगट मोडलं. बाबा ८२ चे, कानानं कमी. घर सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुम्ही बेंगळुरूत. भाऊ म्हणतो वृद्धाश्रम बघू, तुम्ही म्हणता चोवीस तासांची बाई ठेवू, आणि आई म्हणतात मला घरात परकं माणूस नको. या तिघांत मी आईंच्या बाजूची आहे, आणि ते काही त्यांचं मन राखायचं म्हणून नाही. कारण सांगते.

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आई २०१८ साली गेली तेव्हा दादा ८२ वर्षांचे होते आणि सहकारनगरला पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे. मी कर्वेनगरला, नोकरी चालू. ते रोज सकाळी खाली उतरून दूध नि पेपर आणायचे, येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी क्रिकेटवर वाद घालायचे. मला त्या जिन्याची भीती वाटायची. एकदा तापानं आठवडाभर अंथरुणात होते, ते निमित्त झालं आणि मी पेशंट सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून चोवीस तासांची बाई आणली. बाई फार चांगली होती, चूक तिची नव्हती. दूध ती आणायला लागली. पेपर दारात पडायला लागला. चहा हातात, पाणी हातात, अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं, पायात मोजेसुद्धा तीच चढवणार. मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि निश्चिंत झोपायचे. पाच महिन्यांनी दिवाळीला घरी आणायचं म्हणून गेले, तर दादांना खुर्चीतून उठता येईना. दोन्ही हातांनी रेटा देऊन, तिसऱ्या प्रयत्नात उठले. कुठलाही आजार झालेला नव्हता. पाच महिने काही केलंच नव्हतं, एवढंच. या वयात मांड्यांची ताकद जाते ती भराभर, आणि परत मिळवताना जीव निघतो. फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागले, खुर्चीतून उठबस, भिंतीला धरून टाचा उचलणं, मग तीन पायऱ्या, मग सहा. चार महिने लागले. दूध आणायचं काम दादांना परत मिळालं आणि बाई सकाळच्या दोन तासांपुरती राहिली.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते: मदत आणताना म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. जे जमत नाही तेवढ्यालाच माणूस लावा.

मग तुमच्या घरी काय जमत नाही? एक कागद घ्या, आईबाबांना फोनवर बरोबर घ्या आणि उठल्यापासून झोपेपर्यंतचा त्यांचा दिवस तास-तास लिहून काढा. माझा अंदाज, अडचण चार ठिकाणी निघेल: अंघोळ, वेणी आणि कपडे, दोन वेळचा स्वयंपाक, रात्री उठणं. यातली पहिली तीन प्लास्टरमुळे आहेत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची. त्यासाठी सकाळी ८ ते दुपारी १ एक मावशी पुरे. आईंना ‘बाई ठेवतोय’ असं सांगू नका, ‘प्लास्टर निघेपर्यंत’ असं सांगा, आणि तो शब्द पाळा. आमच्या सासूबाईंनी या एका अटीवर बाई कबूल केली होती. पुढे प्लास्टर निघाल्यावर त्यांनीच तिला जाऊ दिलं नाही, तो भाग वेगळा.

ब्यूरोशी बोलताना एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला नर्स हवी आहे की सांभाळणारी मावशी. इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी असं काही नसेल तर नर्सचे पैसे देऊ नका. आमच्याकडे एका ब्यूरोनं नर्स म्हणून जी मुलगी पाठवली तिला बीपीचं मशीन लावता येत नव्हतं, दर मात्र नर्सचा. पोलीस पडताळणीचा कागद प्रत्यक्ष बघा. खाडा झाला तर बदली किती तासांत, जेवण आपलं की तिचं, स्वयंपाक करणार की फक्त पेशंटचं बघणार, हे सगळं आधी बोला. नंतर सगळी भांडणं याच गोष्टींवरून होतात. कामं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, आणि त्याखाली ‘आई स्वतः करतील’ अशी दुसरी यादी लावा. देवपूजा, भाजी निवडणं, चहा गाळणं, गोळ्या डबीत भरणं. एका हातानं होतं तेवढं होऊ दे. वेळ लागला तर लागला.

आता चौथी अडचण, रात्रीची. ती प्लास्टरबरोबर जाणार नाही, कारण आई पडल्या त्या मनगट मोडण्याच्या आधी. पडल्या का, हे कुणी शोधलंय का? तुम्ही लिहिलंय की डॉक्टर म्हणाले, ‘या वयात होतं.’ दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो वयस्कांचं बघणारे फिजिशियन. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारणीनं दिलेली झोपेची, सगळ्या. बीपीची गोळी जास्त होते का, लघवी जास्त होण्याची गोळी संध्याकाळी घेतल्यानं रात्री उठावं लागतं का, झोपेच्या गोळीनं तोल जातो का, हे त्यांना विचारा. मनानं गोळी बंद करू नका. बीपी झोपून घ्यायला सांगा आणि मग उभं राहिल्यावर एका मिनिटानं नि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर पहाटे उठल्यावर चक्कर येण्याचं कारण तिथेच सापडतं. बी १२, डी जीवनसत्त्व आणि डोळे, मोतीबिंदू पिकलाय का, हेही बघून घ्या. आणि एक महत्त्वाचं: उभ्या उंचीवरून पडून ७६ व्या वर्षी मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी असते. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, मागून घ्या. हाडांचे डॉक्टर प्लास्टर घालून मोकळे होतात, हाडांचं औषध सुरू करायचं पुष्कळदा राहून जातं, आणि पुढच्या वेळी मोडतं ते खुब्याचं हाड.

घरी करायची एक चाचणी आहे. हात असलेली खुर्ची, त्यापासून ३ मीटरवर खडूची खूण. उठायचं, नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. दोघांचीही करा, कुणीतरी शेजारी उभं राहून. दर तीन महिन्यांनी तारखेसह लिहून ठेवा. दादांचा आकडा १९ वरून १३ वर आला तेव्हा त्यांनी तो मेडिकलवाल्यालासुद्धा सांगितला होता.

पेठेतल्या जुन्या घरांत बाथरूमला उंबरा असतो, नाहीतर एक पायरी खाली उतरावी लागते. तुमच्याकडेही असणार. तिथे आणि कमोडशेजारी भिंतीत ड्रिल करून स्टीलचे दांडे बसवा. रबरी चोषक लावून चिकटवायचे मिळतात ते घेऊ नका, नेमक्या वेळी निघून हातात येतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीवर लागणारे छोटे दिवे लावा. दारातलं पायपुसणं काढून टाका. आणि बिनतारी घंटी घ्या, दाराला लावतात तीच. बटण बाथरूममध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. घंटी बाबांच्या उशाशी, सर्वांत मोठ्या आवाजावर. तुम्ही लिहिलंय की आई अर्धा तास हाका मारत होत्या आणि बाबांना कळलं नाही. मला त्या पडण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त भयंकर वाटला. बाबांच्या कानांची तपासणी आणि श्रवणयंत्र हा खर्च खरं तर आईंसाठी आहे असं समजा. बाबा तसे समजले तर यंत्र लावतीलही.

कमोड खुर्ची, वॉकर, फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा पलंग) असलं काही लागलं तर विकत घेऊ नका. पुण्यात कितीतरी ठिकाणी रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर वापरायला मिळतं; जनकल्याण समितीची केंद्रं आहेत, काही ज्येष्ठ नागरिक संघ नि मंडळंही ठेवतात. काम झालं की परत करायचं. आमच्या माळ्यावर अजून एक विकतचा वॉकर पडून आहे, म्हणून सांगते.

आता ज्येष्ठ नागरिक संघाबद्दल, कारण पैसे देऊन मिळत नाही ते तिथे मिळतं. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ गल्लोगल्ली आहेत, त्यांचा महासंघ, फेस्कॉम, १९८० पासूनचा. महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, बागांमधून हास्यक्लब आहेत, पुण्यात नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा भरतात. ‘तिथे जाऊन काय करायचं, टाळ्या पिटायच्या?’ असं दादाही म्हणाले होते. मग एका सभासदानं त्यांना हिशेब तपासायला बोलावलं, आणि गेले. पाहुणा म्हणून बोलावलं असतं तर कधीच गेले नसते. तुमच्या बाबांना काय येतं ते संघाच्या चिटणिसांना फोन करून आधी सांगून ठेवा. २०२० च्या टाळेबंदीत दादांच्या संघानं फोनची साखळी केली होती. सकाळी ९ ते १० च्या दरम्यान प्रत्येकानं पुढच्याला फोन करायचा, उचलला नाही तर दहा मिनिटांनी परत, तरी नाही तर जवळच्यानं जाऊन बघायचं. टाळेबंदी संपली तरी ती साखळी सुटली नाही. दादांना एकदा पहाटे चक्कर आली ती याच फोनमुळे वेळेत कळली, माझा संध्याकाळचा फोन यायला अजून नऊ तास होते.

दोन जिने उतरून आईंना लगेच कुठे जाता येणार नाही हे खरं. तोवर रक्त तपासायला माणूस घरी येतो, फिजिओ घरी येतात, मेडिकलवाला गोळ्या पोचवतो, एका वेळचा पोळीभाजीचा डबा लावता येतो. एकाच वेळचा लावा, दुसऱ्या वेळी मावशी आणि आई मिळून करतील. पण जिना सोडू नका. फिजिओंना पहिल्याच दिवशी सांगा की ध्येय जिना हेच आहे. कठड्याच्या समोरच्या भिंतीलाही दांडा बसवायला सोसायटीला विचारा आणि मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवायला.

सरकारी गोष्टी भराभर सांगते. दोघंही ७० च्या पुढचे, म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्नाची अट न घालता मिळतं, दोघांत मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालतं, बाह्यरुग्ण तपासणीला नाही, आणि कुठलं रुग्णालय यादीत आहे ते १४५५५ वर आधी विचारून ठेवा. बाबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो किंवा पोस्टमन घरी येऊन करतो; केंद्राची पेन्शन असेल तर ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायला नको. बँकेलाही घरपोच सेवा विचारा. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. माहिती, सल्ला, छळाची तक्रार यासाठी. रुग्णवाहिकेला मात्र १०८ आणि पोलिसांना ११२. जवळच्या चौकीत ‘दोघंच राहतात’ अशी नोंद करून ठेवा. आणि ७५ च्या पुढे एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. दादा ८६ व्या वर्षी संघातल्या दोघांबरोबर स्वारगेटहून वाईला जाऊन आले, काम काही नव्हतं, फक्त तिकीट लागत नाही म्हणून.

वृद्धाश्रमाबद्दल भावाशी भांडू नका. स्मृतिभ्रंश वाढला, रात्री घराबाहेर जाऊ लागले, किंवा एक गेलं आणि दुसरं घरात कोमेजायला लागलं, तर तो विचार करावा लागतो, आणि तेव्हा तो आईबाबांना बरोबर घेऊन, जागा बघून करावा. मोडलेल्या मनगटासाठी तो करायचा नसतो.

पुण्यात एक माणूस मात्र नेमा. भाचा, जुनी मैत्रीण, किंवा महिन्याला पैसे घेऊन हे काम करणारं कुणी. मावशी, फिजिओ, डॉक्टर, मेडिकलवाला हे सगळे त्या एकाला ओळखले पाहिजेत. नाहीतर तुम्ही बेंगळुरूहून पाच जणांना फोन करत बसाल आणि प्रत्येक जण म्हणेल, मला वाटलं दुसऱ्यानं केलं. पातळ फाइलमध्ये गोळ्यांची यादी, शेवटचे रिपोर्ट, आधार नि वय वंदना कार्डाची प्रत घाला आणि ती फाइल दाराशी खिळ्याला टांगा, कपाटात नको.

पुढच्या शनिवारी येताय म्हणालात, तर सुतार बोलावून ठेवा. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन भागत नाही, हे आम्ही दादांच्या त्या पहाटे शिकलो. किल्ली होती, पण आतून कडी लावलेली होती आणि दार फोडावं लागलं. मुख्य दाराची आतली कडी काढून बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच लावा, आणि बाथरूमची कडीही काढा. बाथरूमच्या दारावर एक पाटी टांगा, आत कुणी असेल तर उलटी करायची. आई पहिले दोन दिवस कुरकुर करतील.